हजार कंदील आणि मिठागराची सून

"बायका रडल्या पाहिजेत," ओंग थाउके म्हणाले. "पुरुष झोपले तरी चालतील. पण बायका रडल्या नाहीत, तर तिसऱ्या दिवशी थिएटरात नुसते पंखे फिरतील."

त्यांनी एक जाड पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. 'हजार कंदील' या सिनेमाचे संवाद होते ते, सगळे मँडरिनमध्ये. थाउके म्हणजे आमच्याकडे मालक. ओंग थाउके गावातल्या सिनलोक थिएटरचे मालक होते आणि आमच्या छोट्याशा फिल्म कंपनीचेही. बोलता बोलता ते टरबुजाच्या बिया फोडत होते आणि टरफलं त्या पुस्तिकेवर पडत होती. मी ती एकेक करून उचलत होतो.

"कधीपर्यंत हवंय?" मी विचारलं.

"परवा दुपारी पहिला खेळ."

"परवा?"

"लिम-सान, तुम्ही अख्खा सिनेमा नऊ दिवसांत लिहून दिलात. हा तर लिहिलेलाच आहे. नुसता आपल्या भाषेत आणायचाय."

नुसता आपल्या भाषेत आणायचा. मला हसू आलं, पण मी हसलो नाही. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि मालकांसमोर हसायची मला भीती वाटे.

दक्षिण तैवानमधलं आमचं ते गाव साखर कारखान्याचं. घरात, बाजारात, उसाच्या फडात सगळे आमची तैवानी बोली बोलत. शाळेत, कचेरीत आणि रेडिओवर मात्र मँडरिन. ती सरकारची भाषा. माझ्या पिढीला ती शाळेत शिकावी लागली. माझ्या आईच्या पिढीला ती पाहुण्यासारखी होती. घरात आली तरी तिच्याशी काय बोलावं ते कळत नसे. म्हणून आमचे स्वतःचे सिनेमे होते, तैवानी बोलीतले. काळे-पांढरे, दहा-बारा दिवसांत उरकलेले. उत्तरेला गरम पाण्याच्या झऱ्यांचं एक गाव आहे, तिथल्या हॉटेलांच्या खोल्यांतच ते चित्रित व्हायचे. एका हॉटेलातला एक कोरीव पलंग होता, त्या एका पलंगावर त्या वर्षी सात नवऱ्या मुली रडल्या होत्या. प्रेक्षकांना तो पलंग ओळखीचा झाला होता, पण कुणाची तक्रार नव्हती. आमचा सिनेमा असाच असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

'हजार कंदील' मात्र हाँगकाँगच्या एका बड्या स्टुडिओने तीन वर्षं खपून केला होता. रंगीत, रुंद पडद्याचा. त्यासाठी एक तळं खोदलं म्हणे, आणि हजार कंदील हाताने रंगवून घेतले म्हणे. राजधानीत लोक डबे घेऊन तिकिटाच्या रांगेत उभे राहत होते.

"पण थाउके," मी म्हणालो, "आपला सिनेमा?"

"आपला नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी. शब्द म्हणजे शब्द. हा फक्त सात दिवस. नव्या वर्षाच्या बारा दिवस आधी येणार, पाच दिवस आधी जाणार. उलट लोकांना थिएटरात यायची सवय लागेल."

आपला सिनेमा म्हणजे 'मिठागराची सून'. मी लिहिलेला सहावा. पण पहिले पाच मी जुन्या जपानी सिनेमांवरून आणि तमाशासारख्या आमच्या गावगाड्याच्या संगीत नाटकांवरून उचलले होते. हा एकटा माझा स्वतःचा. तो तयार होऊन डब्यांत बसला होता. सिनलोकमध्ये नव्या वर्षाला लागणार आणि मग दक्षिणेतल्या आठ थिएटरांत फिरणार, असं ठरलं होतं. चालला तर पुढचा सिनेमा. नाही चालला तर थाउके कंपनी बंद करणार होते, हे त्यांनी जेवताना दोनदा सांगितलं होतं. थाउके महत्त्वाचं ते जेवतानाच सांगत.

"वाचणार कोण?" मी विचारलं. थिएटरचे जुने पिएनसू वारून दोन वर्षं झाली होती. पडद्याशेजारी उभं राहून परक्या भाषेतला सिनेमा गावाच्या भाषेत सांगणारा जो माणूस, त्याला आम्ही पिएनसू म्हणायचो.

"त्यांची मुलगी," थाउके म्हणाले.

ती मुलगी दारातच उभी होती. सियुहा-सान. हे 'सान' म्हणजे जपानी राजवटीपासून आमच्या तोंडी राहिलेलं 'राव' किंवा 'बाई'. वय छत्तीस, हातात छत्री आणि कागदात बांधलेली उकडलेली रताळी. आमच्या सिनेमाची नायिका तीच. पडद्यावर ती चाळीस वेळा विधवा झाली होती, आणि घरी तिचं लग्नच झालं नव्हतं.

"आ-बुन," ती मला म्हणाली, "राणीचे शब्द सोपे लिही हं. मला मँडरिन येत नाही आणि राणी व्हायची सवय नाही."

"सियुहा-सान, तुम्हाला चालेल? म्हणजे... दुसऱ्यांच्या सिनेमाला आवाज देणं?"

"सात दिवसांचं तर आहे," ती म्हणाली. "आणि बाबांच्या जागी उभं राहायचंय. रताळं खाणार?"

*

दोन दिवस मी जागचा हललो नाही. जमेल तसं लिहिलं. पहिल्या खेळाला पडद्याच्या डाव्या बाजूला एक मायक्रोफोन आणि लाल कागद गुंडाळलेला छोटा दिवा ठेवला होता. सियुहा-सान उंच स्टुलावर बसली. मी तिच्या पायाशी बसून पानं तिच्या हातात देत होतो.

सरकारी भाषेतला सिनेमा गावच्या बोलीत सांगायला खरं म्हणजे परवानगी नव्हती. पण चौकीतले साहेब पहिल्याच खेळाला सासूबाईंना घेऊन आले आणि सासूबाई दुसऱ्या रिळातच डोळे पुसू लागल्या, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला.

सियुहा-सान काय बोलत होती! राणी तीच, सम्राट तीच, कुजकट म्हातारा खोजा तीच. घोडे आले तेव्हा तिने जिभेने टापा वाजवल्या. मी पडद्याकडे बघतच नव्हतो. मान वर करून तिच्याकडे बघत होतो आणि एकदा तर पान द्यायचं विसरलो. तिने चप्पल काढून माझ्या खांद्याला पाय लावला.

मग चौथं रीळ आलं. सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग. लढाईवर गेलेला सम्राट मेला अशी अफवा उठते आणि त्याची आई राणीला महालाबाहेर काढते. राणी वेशीपाशी थांबते, वळते आणि चार ओळींचं एक काव्य म्हणते. मग तिच्या मागे हजार कंदील एकेक करून उजळत जातात. मूळ ओळी फार सुंदर होत्या. शरदाचा चंद्र, परतणारे रानहंस, गार पडलेली पाचूची पायरी. मी त्यांचं प्रामाणिक भाषांतर केलं होतं. सियुहा-साननं ते वाचलं. थिएटर गप्प झालं.

तिसऱ्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "काय म्हणतीय ती?"

तिच्या शेजारणीने सांगितलं, "म्हणतीय, थंडी वाजतीय."

"मग आत जा म्हणावं की!"

अख्खं थिएटर हसलं. पडद्यावर राणी रडत होती.

खेळ संपल्यावर थाउके आत आले. ते चिडले नव्हते. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "लिम-सान, पाचू खायला मिळतो का बाजारात?"

"नाही."

"मग कशाला सांगता लोकांना?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिकीटखिडकीच्या मागच्या खोलीत बसून त्या चार ओळींवर काम करत होतो. सोपं करायला गेलो की बाष्कळ व्हायचं. सुंदर करायला गेलो की पुन्हा पाचू. सियुहा-सान समोर बसून पेज पीत होती. दुपारचा खेळ जवळ येत होता. शेवटी मी एक कागद तिच्यापुढे ठेवला.

तिने वाचलं. वाटी खाली ठेवली. पुन्हा वाचलं.

'मी गेले तरी दिवा मालवू नका. घरात कुणीतरी आहे, एवढं त्याला लांबून दिसू द्या.'

"आ-बुन," ती म्हणाली, "हे तर आपलं आहे."

आपलं म्हणजे 'मिठागराची सून'मधलं. आमच्या सिनेमात मुलाची होडी परत येत नाही म्हणून सासू सुनेला घराबाहेर काढते. सून उंबऱ्यात थांबते आणि सासूला हे वाक्य बोलून मिठाच्या ढिगाऱ्यांमधून चालू लागते. त्या सिनेमात मी लिहिलेल्या कितीतरी ओळी होत्या, पण मला स्वतःला हीच एक लिहिल्यासारखी वाटत होती. बाकीच्या भरती केल्यासारख्या.

"माहीत आहे," मी म्हणालो.

"अकरा दिवसांनी आपला सिनेमा लागतोय."

"सियुहा-सान, अकरा दिवसांनी कुणाच्या लक्षात राहणार आहे? लोकांना चेहरे लक्षात राहतात. कपडे राहतात. रडणं राहतं. कोण काय बोललं ते कधी कुणाच्या लक्षात राहतं का?"

"माझ्या राहतं."

"तुम्ही पाठ करता म्हणून."

तिने त्या वाक्यावर बोट ठेवलं. "माझं ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे," ती म्हणाली. "चाळीस सिनेमांतलं."

तेव्हा मी थांबायला हवं होतं. पण आदल्या दिवशीचं ते हसणं माझ्या कानात होतं आणि मला ते पुसून टाकायचं होतं. मी म्हणालो, "एका आठवड्यापुरतंच. दुसरं काही सुचलं की बदलतो."

दुसरं काही सुचवून घ्यायचा मी प्रयत्नच केला नाही.

दुपारी चौथं रीळ आलं. राणी वळली. सियुहा-साननं मायक्रोफोनवरून तोंड बाजूला घेतलं आणि ते वाक्य जवळजवळ स्वतःशीच म्हटलं. त्याच क्षणी पडद्यावर पहिला कंदील लागला. मग दुसरा, मग दहा, मग शंभर. मी लिहिताना माझ्या मनात मिठागराच्या कडेची एक खोपटी आणि एक मिणमिणती चिमणी होती. इथे त्या वाक्यामागे हजार दिवे पेटत गेले. थिएटरात आधी कुठलाच आवाज आला नाही. मग तिसऱ्या रांगेतली ती कालचीच म्हातारी हुंदका देऊन म्हणाली, "अगं माझे आई," आणि मग सगळ्या रांगा रडू लागल्या.

बाहेर पडताना लोक एकमेकांकडे बघत नव्हते. उसाचा रस विकणारा माणूस दारात उभा होता, त्याच्याकडे कुणी गेलं नाही. तो मला विचारू लागला, "काय झालं? आग लागली का काय?"

*

सात दिवस संपले तरी सिनेमा उतरला नाही. आसपासच्या गावांतून उसाच्या गाडीवर बसून बायका येऊ लागल्या. आणि ते वाक्य गावभर फिरू लागलं. मी बाजारात गेलो की कानावर पडे. मासे विकणारी बाई दुकान आवरताना शेजारणीला ओरडून सांगे, "मी गेले तरी दिवा मालवू नका गं!" न्हाव्याच्या दुकानात वीज गेली तर आतून कुणीतरी ते म्हणे आणि सगळे हसत. एका लग्नात पालखीत बसताना नवरी खरोखरच आईला तेच बोलली आणि मांडवात रडारड झाली, असं माझ्या आईने मला येऊन सांगितलं. "त्या मोठ्या सिनेमात राणी म्हणते ना, ते," आई म्हणाली. "काय लिहितात बघ ती मोठी माणसं. तू असं का नाही रे लिहीत?"

मी भात खात राहिलो. खरं सांगतो, इतकं चवदार जेवण मी त्यानंतर कधी जेवलो नाही.

नव्या वर्षाच्या चार दिवस आधी थाउकेंनी मला आणि सियुहा-सानला जेवायला बोलावलं. तेव्हाच मला समजलं.

"वितरक म्हणतो, नव्या वर्षाला हाच चालू ठेवा. आणि कंदिलांच्या सणापर्यंत. नाव कंदिलांचं, सण कंदिलांचा. त्याचंही बरोबर आहे." थाउके बदकाचा पाय सोलत होते. "आपला सणानंतर लावू. पंधरा-वीस दिवस इकडे-तिकडे."

"तुम्ही शब्द दिला होता," सियुहा-सान म्हणाली.

"दिला होता. तू इतकं चांगलं बोलायला नको होतंस."

ते हे गमतीने म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी बदकाकडे पाहिलं.

*

कंदिलांच्या सणानंतर तिसऱ्या दिवशी 'मिठागराची सून' लागला. दुपारचा पहिला खेळ. सियुहा-सान गावची लाडकी, त्यामुळे थिएटर भरलं. आमच्याकडे तेव्हा अशी रीत होती की पहिल्या दिवशी सिनेमासोबत कलाकारही येत आणि खेळ संपला की पडद्यासमोर येऊन चार ओळी गात. म्हणून ती सिनेमातलेच सुनेचे जाडेभरडे कपडे घालून, डोक्याला रुमाल बांधून पडद्यामागे एका पेटीवर बसली होती. मी तिच्याजवळ उभा होतो. पडद्यामागून सिनेमा उलटा दिसतो, डावं उजवीकडे. मला तो तसाच बघायला आवडे. वाटे, आपला नाही, दुसऱ्या कुणाचा आहे.

सुरुवातीलाच तिकीटखिडकीवरच्या बाईने येऊन सांगितलं होतं, "प्रत्येक जण विचारतोय, रंगीत आहे का. मी म्हटलं, मीठ कुठल्या रंगाचं असतं?"

अर्धा सिनेमा बरा गेला. तो कोरीव पलंग आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आला, पलंगराव आला!" त्या हसण्यात माया होती.

मग उंबऱ्याचा प्रसंग आला. सून थांबली, वळली. पडद्यावरच्या सियुहा-साननं श्वास घेतला. आणि ती बोलायच्या आधी तिसऱ्या रांगेतून त्या म्हातारीने अगदी भक्तिभावाने ते वाक्य म्हटलं, "मी गेले तरी दिवा मालवू नका..." तिच्या पाठोपाठ पाच-दहा बायकांनी पुढचं म्हटलं. आणि मग पडद्यावरच्या सुनेने तेच म्हटलं.

क्षणभर सगळे गोंधळले. मग एक पुरुष मोठ्याने म्हणाला, "अरे, हे तर राणीचं!"

"चोरलं! राणीचं वाक्य चोरलं!"

"मिठागरात राहून राणी व्हायला निघाली!"

"दिवा तरी आहे का घरात? एकच दिसतोय!"

हसणं वाढत गेलं. त्यात दुष्टपणा नव्हता, एवढं मला सांगायचंय. ते सगळे ओळखीचे लोक होते. चतुराईने पकडलेल्या चोराला हसावं तसं ते हसत होते. पडद्यावर सून मिठाच्या ढिगाऱ्यांमधून एकटीच चालत होती आणि पुढची दहा मिनिटं तिचं रडणं कुणालाही ऐकू आलं नाही.

पेटीवर बसलेली सियुहा-सान हालली नाही. तिने फक्त डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

थाउके पडद्यामागे आले ते लालबुंद होऊन. "लिम-सान! दुसऱ्याचं वाक्य उचललंत? तेही माझ्याच थिएटरात चालू असलेल्या..." आणि ते मध्येच थांबले. "पण आपला सिनेमा तर आधीच तयार होता."

मी मान खाली घातली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सियुहा-सानकडे पाहिलं. मग ते दुसऱ्या पेटीवर मटकन बसले आणि पोट धरून हसू लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "म्हणजे हाँगकाँगच्या राणीला आपण बोलायला शिकवलं? आपण? अहो, मग हे सांगा ना लोकांना! पाच वाजताच्या खेळाआधी पडद्यासमोर जा आणि सांगा, हे वाक्य माझं, आधी ह्या सिनेमासाठी लिहिलं, राणीने आमच्याकडून उसनं घेतलं. लोकांना असलं फार आवडतं. उद्या सबंध जिल्हा येईल. मी पाट्या रंगवून घेतो. 'राणीच्या वाक्याचं माहेर!' कसं वाटतं?"

"खरंच चांगलं आहे," सियुहा-सान म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला. "आ-बुन, जाशील ना? एकच मिनिट. मी बरोबर असते."

"जाईन," मी म्हणालो.

मी खरंच जायचं ठरवलं होतं. त्या दोन तासांत काय बोलायचं ते मी सात वेळा लिहिलं. 'नमस्कार, मी लिम बुन' एवढ्याच वाक्याची चार रूपं केली.

पाच वाजता थिएटर पुन्हा भरलं होतं. हसण्याची बातमी पसरली होती म्हणून आणखीनच. सियुहा-सान पडद्यासमोर गेली. तिला बघताच लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि एक जण ओरडला, "सियुहा-सान, राणीचं वाक्य का चोरलंत?"

"थांबा," ती हसत म्हणाली. "चोर कोण ते आत्ता कळेल. ज्यानं ते लिहिलं तो माणूस इथेच आहे, आपल्याच गावचा. तो स्वतः सांगेल." तिने माझ्याकडे हात केला.

मी पडद्याच्या कडेला उभा होतो. तिच्यापासून सहा-सात पावलांवर. मला तिचा पसरलेला हात दिसत होता, पुढच्या रांगांतले चेहरे दिसत होते, तिसऱ्या रांगेतली ती म्हातारीही दिसत होती. मान वाकडी करून ती माझ्या दिशेने बघत होती. मला एकच विचार आला. कुणाचाही विश्वास बसणार नाही. म्हणतील, हा? ह्या असल्या माणसानं? आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझाही विश्वास बसेना. ते हजार कंदील, ते रडणारं थिएटर, आणि मी. कदाचित ते वाक्य मी कुठेतरी वाचलं असेल. कदाचित तेही उचललेलंच असेल.

तिचा हात तसाच होता. लोक कुजबुजू लागले.

मग तिने हात खाली घेतला. माझ्याकडे एकदाही न बघता ती प्रेक्षकांकडे वळली आणि म्हणाली, "बरं बाई, पकडली गेले. मीच चोरलं. इतकं चांगलं वाक्य होतं, राणी एकटीच बोलणार का? आम्हाला नको?"

लोक खो खो हसले. टाळ्या वाजवल्या. तिने चार ओळी गायल्या. सिनेमा सुरू झाला, उंबऱ्याच्या प्रसंगाला सगळ्या थिएटरने ते वाक्य एका सुरात म्हटलं आणि पुन्हा हसलं.

'मिठागराची सून' चार दिवस चालला. बाकीच्या आठ थिएटरांनी त्याऐवजी 'हजार कंदील' मागून घेतला.

*

पुढचं सगळं तसं कुणाच्याही आठवणीत सापडेल. थाउकेंनी कंपनी बंद केली. त्यानंतरही काही वर्षं आमच्या बोलीतले सिनेमे निघत राहिले, पण लोक आधी रंग विचारू लागले, मग तळं विचारू लागले, मग कंदील. ज्यांना परवडलं ते निर्माते मँडरिनकडे वळले. बाकीचे कॅमेरे विकून भुसारीच्या दुकानात बसले. झऱ्यांच्या गावातली हॉटेलं पुन्हा नुसती हॉटेलं झाली. 'मिठागराची सून'ची एकही प्रत आज कुठे नाही. मी चौकशी केली आहे. मी शाळेत ग्रंथपाल झालो आणि छत्तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं नीट लावून ठेवली. आता सत्त्याऐंशीव्या वर्षी हे लिहितानाही पहिल्या पानावर नाव घालू की नको, ते अजून ठरत नाही.

पण ती गेली तो दिवस राहिलाच.

वितरकाने सियुहा-सानला त्या आठ गावांत 'हजार कंदील' सांगायला बोलावलं होतं. लोकांना तिचा आवाज हवा होता. चेहऱ्याचं आता काही काम नव्हतं. सकाळी नऊची बस होती. मी पोचवायला गेलो. तिच्याकडे एक ट्रंक आणि ती छत्री.

"तूही चल," ती म्हणाली. "असे आणखी तीन सिनेमे आलेत म्हणे. सगळे रंगीत, सगळ्यांत राण्या. त्यांना कुणीतरी बोलतं करायला हवं."

"तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला की. चार दिवस होता, सिनेमा होता तोवर." ती हसली. "चल. पण एक अट आहे. प्रत्येक खेळाआधी मी सांगणार, शब्द लिम बुनचे. तू फक्त उठून उभं राहायचंस. बोलायचंसुद्धा नाही."

"नाव कशाला सियुहा-सान? मी लिहीन की. नावाशिवाय लिहीन."

"नावाशिवाय लिहिलेलं वाक्य काय होतं ते बघितलंस ना?" तिने विचारलं. "कुणाचंही होतं. माझं झालं, राणीचं झालं, मासेवालीचं झालं. आणि शेवटी आपल्याच घरी चोर ठरलं."

बस आली. कंडक्टरने ट्रंक टपावर चढवली. ती खिडकीजवळ बसली आणि बस सुटायच्या बेतात असताना तिने पडद्याशेजारच्या त्या पट्टीच्या आवाजात सगळ्यांना हाक मारली.

"अहो मंडळी, जरा इकडे बघा! तो खांबापाशी उभा आहे ना, चष्मेवाला? राणीचं ते दिव्याचं वाक्य ह्यानं लिहिलंय! हा लेखक आहे!"

एकेक करून खिडक्यांतून डोकी बाहेर आली. मांडीवर बदक घेतलेली एक बाई म्हणाली, "कुठला? हा?"

"हाच."

"खरं का हो?" कंडक्टरने मलाच विचारलं. तो दार धरून थांबला होता. ड्रायव्हरही वळून बघत होता. सगळी बस माझ्या उत्तराची वाट बघत होती. सियुहा-साननं खिडकीतून हात बाहेर काढला, आणि ये अशी खूण केली.

मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधू लागलो. बराच वेळ बांधत होतो. दार लागल्याचा आवाज आला, मग इंजिनचा, मग धूळ माझ्या बोटांवर बसली. तरी मी बांधतच होतो.

माझ्या पायात त्या दिवशी लाकडी सपाता होत्या.